चिठ्ठीखालची जागा

पाहुण्याने शीट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि विचारलं, "मॅडम, इथे आधी एखादी चिठ्ठी होती का?"

एवढंच. आवाजात ना खोच, ना संशय. किती वाजले असं विचारावं इतक्या साधेपणाने त्याने विचारलं. शीट जुनी होती, कडांकडून पिवळी पडत आत सरकलेली. तिच्यावर चिकटवलेली झुडपाची फांदी वाळून चहाच्या रंगाची झाली होती. खालच्या उजव्या कोपऱ्यात तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली नावाची चिठ्ठी होती, आणि तिच्या थोडं वर एक फिकट चौकोन. भिंतीवरचा फोटो काढला की मागे राहतो तसा. इतकी वर्षं ती याच हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या झाडांच्या या संग्रहात, याच कपाटांमधून वावरत होती आणि हा चौकोन तिला दिसला नव्हता. म्हणजे तिने तो पाहिला नव्हता. म्हणजे खरं सांगायचं तर, या फोल्डरला हात लावायची वेळ आली की तिला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. "हो, होती," ती म्हणाली. इथवर ठीक होतं. इथे तोंड मिटलं असतं तरी निभावलं असतं. "कोणाची?" "बाईंची असेल." बाई म्हणजे तिच्या इथल्या गुरू, आता निवृत्त. "मग काढली कोणी?" आणि तिच्या तोंडून, पुढे एक उसासा जोडून, निघून गेलं, "बाईंनीच काढली असेल. शेवटी शेवटी त्यांचं जरा..." आणि तिने हात हवेत असा काही हलवला की उरलेलं समोरच्याने समजून घ्यावं. पाहुण्याने समजून घेतलं. तो फार समजूतदार होता, हीच तर पंचाईत.

तो मोठ्या संस्थेतून आला होता. या भागातली मूळची झुडपं कोणती, बाहेरून येऊन रुजलेली कोणती, याची एक भरवशाची यादी ते करत होते आणि त्यांचा दंडक असा, की यादीतल्या प्रत्येक नावाखाली कुठल्या तरी हर्बेरियममधली एक चोख शीट पाहिजे. शीट नसेल तर नाव नाही. आणि इथल्या झुडपांच्या निम्म्याहून जास्त शीट्स बाईंनी गोळा केलेल्या, बाईंनी वाळवलेल्या, बाईंनी ओळखलेल्या. पाहुण्याने पेन्सिल काढली, शीटच्या फोल्डरवर बारीक अक्षरात 'शंकास्पद' असं लिहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट वाटतं हो. त्यांचं नाव ऐकूनच मी इथे यायचं ठरवलं. पण आता त्यांच्या सगळ्याच शीट्सवर हे लिहावं लागणार. ज्या माणसाने एक चिठ्ठी काढली त्याने आणखी किती काढल्या असतील, कोण सांगणार?" ती म्हणाली, "सगळ्या नसतील हो." तो म्हणाला, "उद्या सकाळी त्यांना भेटायला जाणारच आहे, विचारतो." तिने घाईघाईने म्हटलं, "नका विचारू. वय झालंय, मनाला लावून घेतील." तो म्हणाला, "हळूच विचारेन, मॅडम. तुम्ही काळजी करू नका." तिची काळजी करणारा माणूस तिला त्या क्षणी डोळ्यांसमोर नको होता. हात धुवून येते असं सांगून ती बाहेर पडली.

बेसिनपाशी तिने साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. डांबराच्या गोळ्यांचा वास काही गेला नाही. तो जात नसतोच. घरी नवरा म्हणायचा, तुझ्याबरोबर झोपणं म्हणजे लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत झोपणं. तिला तो वास आवडायचा, कारण किड्यांना तो आवडत नाही, आणि किडे म्हणजे नीटनेटक्या वस्तूंचे वैरी. आज मात्र आरशात स्वतःकडे बघवेना. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं हे जास्त लाजिरवाणं वाटलं. इतकं खोटं बोलल्यावर माणसाचा निदान कान तरी लाल व्हावा.

हर्बेरियमचा एक नियम आहे, आणि तो बाहेरच्या माणसाला जरा विचित्र वाटतो. एखाद्या शीटवर कुणी झाडाचं नाव लिहून चिठ्ठी डकवली की ती कधीच काढायची नाही. नाव चुकीचं असलं तरी नाही, हास्यास्पद असलं तरी नाही. पुढच्याने आपली चिठ्ठी तिच्या शेजारी लावायची, खाली सही आणि तारीख टाकायची. मग कुणाला केव्हा काय वाटलं ते सगळं त्या कागदावर राहतं, आणि चुकणारा माणूस मरून गेला तरी त्याची चूक त्याच्या सहीसकट कपाटात उभी असते. ती नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी बाईंनी तिला कपाटांमधून फिरवलं. त्या फेरीला बाई 'माझ्या चुकांची सहल' म्हणायच्या आणि प्रत्येक नव्या माणसाला ती करावी लागायची. खण उघडायचा, शीट काढायची. "ही बघ, ही माझी पहिली. फळ न बघता नाव ठेवलं, तोंडावर आपटले. आणि ही बघ, इथे तर मी वेलीला झुडूप म्हटलंय. नमस्कार कर हिला!" आणि बाई खदखदून हसायच्या. चुकीच्या चिठ्ठीशेजारी त्यांचीच दुरुस्तीची चिठ्ठी असायची आणि तिच्यात नावाखाली दोन शब्द, 'आधीचं चुकलं'. ती बघत राहिली होती. तिला वाटलं होतं, ही बाई उघड्यावर अंघोळ करतेय आणि आपल्याला बघायला बोलावतेय.

बाईंनी तिचं नाव पहिल्याच आठवड्यात 'नीटस' ठेवलं. नावही बरोबरच होतं. फांदी कागदावर कशी आडवी करायची, लांब असेल तर कुठे मोडून वळवायची, पानांची गर्दी झाली तर एखादं पान काढताना देठ मात्र कसा शिल्लक ठेवायचा, म्हणजे इथे पान होतं हे पुढच्याला कळतं, हे सगळं ती झटकन शिकली. बाईंच्या चिठ्ठ्या म्हणजे जाड चित्रकलेचा कागद, पट्टी दाबून टरकावलेला, तळहाताएवढा रुंद. तिने आपल्यासाठी छान पातळ कागद आणला, आखून अरुंद पट्ट्या केल्या आणि शिंप्याकडे असते ती दातेरी कात्री विकत आणून चारी कडा नागमोडी कापल्या. पहिली चिठ्ठी बघून बाईंनी ती नाकाजवळ नेली. "नीटस, ही चिठ्ठी आहे की बिस्कीट? चहा मागवू का?" त्यानंतर वर्षभर तिच्या चिठ्ठ्यांना बिस्किटंच म्हणत. "बिस्कीट लावलंस का गं त्या शीटला?" ती मनातून खट्टू व्हायची आणि वरून हसायची. वर्ष सरल्यावर कात्री बोथट झाली, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि साध्या सरळ चिठ्ठ्या वापरायला लागली.

संध्याकाळी रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ होती. ती सिग्नलला उभी असताना शेजारच्या दुकानाच्या काचेवरून कामगार जुनी जाहिरात खरवडून काढत होता, आणि खालची काच बाकीच्या काचेपेक्षा स्वच्छ निघत होती. तिने मान वळवली. मान वळवायची सवय तिची जुनी. शाळेत असताना वहीवर शिक्षकांनी लाल शेरा मारला की ती घरी येऊन ते पान फाडायची. हळूच, पिनेपासून, मागमूस राहणार नाही असं. पण वहीचं एक पान फाडलं की पिनेच्या पलीकडचं त्याचं जोडीचं पान सुटतं. ते चांगलं असायचं, त्यावर शाबासकी असायची, आणि ते पुढेमागे कधीतरी गळून पडायचं. मग तेही टाकावं लागायचं. वर्ष संपेपर्यंत वही इतकी रोडावायची की वडील विचारायचे, "काय गं, वही आजारी आहे का तुझी?" वडिलांना काही कळलं नव्हतं. की कळलं होतं? हा प्रश्न तिला आज, केस पांढरे व्हायला लागल्यावर, रस्त्याच्या मध्यावर पडला आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तशी ती दचकून पळत पलीकडे गेली.

त्या शीटवरची फांदी बाईंनी तरुणपणी एका खडकाळ उतारावरून आणलेली. बऱ्याच वर्षांनी ही नोकरीला लागली तेव्हाही ती बिननावाचीच पडून होती. नीटसला पहिलं मोठं काम मिळालं ते हे, बिननावाच्या गठ्ठ्याला नावं द्यायचं. हे झुडूप दोघांपैकी एक असू शकत होतं. एक इथलं मूळचं, रानातलं; दुसरं बाहेरून आणून बागांच्या कुंपणाला लावतात ते. दोन्ही सख्ख्या भावांसारखी. फरक इतकाच, की रानातल्याच्या पानाच्या देठाशी दोन बारीक खवले असतात, उपपर्णं म्हणतात त्यांना, आणि बागेतल्याला ती नसतात. तिने भिंगातून बघितलं. खवले नव्हते. तिने बागेतल्याचं नाव लिहिलं आणि बिस्कीट डकवलं. बाई म्हणाल्या, "उतारावर बागेतलं कसं आलं असेल गं?" ती म्हणाली, "पक्ष्यांनी बी टाकलं असेल. मी नीट बघितलंय." बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस तर असेल." पुढे कितीतरी वर्षं ती चिठ्ठी तिथे सुखाने नांदली. मग बाईंचा निवृत्तीचा महिना आला, निरोपाच्या दिवशी बाईंच्या आवडत्या शीट्स काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं आणि बाईंनी स्वतः त्यात ही निवडली. पुसून ठेवायला म्हणून तिने ती टेबलावर घेतली, आणि मोठ्या भिंगाखाली प्रत्येक देठाशी तिला एक बारीक आडवी रेघ दिसली. खवले होते. लवकर गळून जातात ते; मागे फक्त व्रण राहतो. पहिल्या वर्षाचा कोणीही विद्यार्थी आता सांगेल.

शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची, बस. पण काचेखाली, सगळ्यांसमोर, बाईंच्या निरोपाला, तिचं बिस्कीट आणि त्याच्या शेजारी 'आधीचं चुकलं'? जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने टिपकागद ओला करून चिठ्ठीवर ठेवला आणि वाट बघितली. मग बोथट पातं कडेखाली सरकवलं. चिठ्ठी दुधावरच्या सायीसारखी अख्खी वर आली. तिला त्या क्षणी आनंद झाला होता, हेच सगळ्यात वाईट. आपला हात किती सफाईदार आहे याचा आनंद. बरोबर नावाची नवी, साधी चिठ्ठी तिने जरा खाली लावली. जुनीची गोळी करून बोटांत चोळत ती घरी गेली आणि घर येईपर्यंत तिचा भुगा झाला. निरोपाच्या दिवशी बाई काचेवर वाकून म्हणाल्या होत्या, "मला विचारलंस तर ही माझी सगळ्यात लाडकी." तेव्हाच त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं, कोपऱ्यातला चौकोन दिसणं शक्य नव्हतं. आणि तसा तो तेव्हा इतका ठळक नसावाही. भोवतालचा कागद जसा पिवळा पडत गेला तसा तो वर आला असणार.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज गप्प का?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय." हेही खोटंच. पण सकाळच्या खोट्यापुढे हे इतकं गरीब वाटलं की तिला जवळजवळ त्याची दया आली. पानावरून उठताना तिने मनाशी ठरवलं, सकाळी लवकर निघायचं, पाहुण्याच्या आधी बाईंकडे पोचायचं आणि सगळं सांगून टाकायचं. सकाळी उठून तिने साडी बदलली, पुन्हा बदलली, पर्सची चेन शिवत बसली, शेजारणीशी पाण्याच्या वेळांवर बोलली. माणूस पाय ओढत असला की त्याला जगातली सगळी कामं सापडतात. ती बाईंच्या जिन्यात पोचली तेव्हा पाहुणा जिना उतरत होता. "आलात? बरं झालं," तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना आत्ता कुणीतरी सोबत हवंच आहे."

बाई त्यांच्या धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. दोघी बिनलग्नाच्या, दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि एकमेकींशिवाय चहा प्यायच्या नाहीत. आज घरात भांडण नव्हतं. धाकटीने दार उघडलं आणि डोळ्यांनीच आत खूण केली. बाई खुर्चीत बसल्या होत्या, समोर चहावर साय धरलेली. "कोण, नीटस? ये." त्यांनी चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला, पण नेहमीसारखं 'काय आणलंस' विचारलं नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. "तो मुलगा आला होता. चांगला आहे. फार जपून बोलला, जसं काही मी आजारीच आहे." मग म्हणाल्या, "आज सकाळपर्यंत मला वाटत होतं, माझं बाकी काही का जाईना, डोळे गेले, गुडघे गेले, पण एक गोष्ट मी कधी केली नाही. आता आठवायचा प्रयत्न करतेय. टिपकागद ओला केला असेन. पातं घेतलं असेन. काहीच आठवत नाही गं. पण काढली असणार." "बाई, तुम्ही नाही काढली." "अगं, तूच तर त्याला सांगितलंस. तू कशाला खोटं बोलशील?"

तिला वाटलं, आपण उभ्या आहोत ती फरशी आता दुभंगली तर बरं. तसं काही होत नसतं. फरशी होती तिथेच राहिली, भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं, धाकटी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. ती बाईंच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. सगळं सांगितलं. पहिलं वर्ष, खवले, व्रण, निरोपाचा महिना, जेवणाची सुट्टी. सांगताना तिचा आवाज इतका कापत होता की तिला स्वतःलाच तो नाटकी वाटला. "मी काढली, बाई. माझीच चिठ्ठी होती ती. आणि काल तुमच्यावर ढकललं." बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचा हात हवेत चाचपडत आला, तिच्या डोक्यावर टेकला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पुरे गं, नीटस. त्या वेळीही तू अशीच गुपचूप माझ्या फोल्डरांच्या दोऱ्या बांधून ठेवायचीस, मी विसरले की. मला वाचवायला आणखी किती खोटं बोलशील?" "बाई, शप्पथ!" "शपथा नको. मला बरं वाटावं म्हणून आलीस, कळतंय मला." धाकटीनेही दारातून डोळे टिपले आणि म्हणाली, "अशी पोर पोटची असती तरी इतकं केलं नसतं."

मग बाईंनी तिला कपाटातून त्यांचा जुना जाड कागद काढायला लावला. धाकटीने पट्टी दाबून धरली, बाईंनी टरकावला. हाताला सवय होती, कड बरोबर आली. पेन हातात दिल्यावर मात्र अक्षरं ओळीवरून घसरायला लागली. 'या शीटवरची माझी चिठ्ठी मी काढली. चुकलं.' खाली सही. "ही लाव तिथे," बाई म्हणाल्या, "निदान एवढं तरी नियमाने होऊ दे. मी लोकांना इतकी वर्षं माझ्या चुका दाखवत हिंडले, ही एक लपवून मेले असते तर?" आणि त्या हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावर मोडलं. तिने ती चिठ्ठी घेतली. दोन बोटांच्या चिमटीत, जशी ती प्रत्येक गोष्ट धरते तशी. पर्समध्ये ठेवून ती जिना उतरली तेव्हा तिच्या मनात आलं, आपण खरं बोललो. बोललो तरीही पदरात आशीर्वाद पडला. यापेक्षा बाईंनी एक मुस्कटात मारली असती तर जिना उतरायला सोपा गेला असता.

हर्बेरियममध्ये पाहुणा बाईंच्या शीट्सचा ढीग लावून बसला होता. एक उचलायची, फोल्डरवर 'शंकास्पद' लिहायचं, बाजूला ठेवायची. मन लावून, दुःखाने, पण न चुकता. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच म्हटलं, "ती चिठ्ठी मी काढली होती. बाईंचा काही संबंध नाही. काल मी खोटं बोलले." पाहुण्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याचा चेहरा मऊ झाला. "बाईंचा आत्ताच फोन येऊन गेला," तो म्हणाला. "म्हणाल्या, ती आता तुमच्याकडे येईल आणि मीच काढली म्हणेल, तिचं ऐकू नका. मॅडम, खरं सांगू? असे विद्यार्थी हल्ली मिळत नाहीत." काल त्याने एका खोट्यावर लगेच विश्वास ठेवला होता आणि आज खऱ्यावर ठेवायला तयार नव्हता, आणि यात त्याचं काय चुकलं? कालची नीटस जशी सफाईने बोलली तशी आजची बोलत नव्हती. तिच्या मनात असंही येऊन गेलं की झालं, आपण सांगून मोकळे झालो, आता कुणी मानलं नाही तर आपण तरी काय करणार. बाईंची चिठ्ठी लावावी आणि वर चांगलं म्हणवून घ्यावं. हे मनात आलं आणि थोडा वेळ तिथे बसून राहिलं. अगदी ऐसपैस. त्याची तिला जितकी शरम वाटली तितकी चिठ्ठी काढल्याचीही वाटली नव्हती.

"ती शीट द्या जरा," ती म्हणाली. पाहुण्याने दिली. तिने दिवा जवळ ओढला, मोठं भिंग घेतलं आणि तो फिकट चौकोन पहिल्यांदा बघितला. काल मान वळवली होती. त्याआधीची सगळी वर्षंही मान वळवण्यातच गेली होती. जवळून बघितलं तर तो चौकोन तितका चौकोनही नव्हता. अरुंद होता, बाईंच्या रुंद कागदाच्या अर्धाही नाही. आणि त्याची कड सरळ नव्हती. पिवळा कागद जिथे संपत होता आणि फिकट सुरू होत होता तिथे बारीक बारीक दाते होते, एकसारखे, चारी बाजूंनी, शिंप्याच्या कात्रीने कापल्यासारखे. वेळ लावून, उन्हाशिवाय, कुणी न सांगता कागदाने तिची कड जशीच्या तशी जपून ठेवली होती. ती काही न बोलता उठली, पहिल्या वर्षात नाव दिलेली दुसरी एक शीट खणातून काढून आणली आणि तिच्या बिस्किटाशेजारी तो डाग येईल अशा दोन्ही शीट्स कडेला कड लावून ठेवल्या. "बघा," म्हणाली आणि भिंग पाहुण्याच्या हातात दिलं.

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. पानांवरून माणसाला झुडूप ओळखता येतं तसं त्याला कळत गेलं, हे त्याच्या पाठीवरूनच तिला दिसत होतं. सरळ झाला तेव्हा चेहऱ्यावरची सकाळपासूनची माया गेली होती. राग आला नव्हता. तो फक्त एका अनोळखी बाईकडे बघत होता. "अशा चिठ्ठ्या आणखी कोणी वापरायचं?" "कोणीच नाही." "अच्छा," तो म्हणाला. मग त्याने खिशातून रबर काढलं, बाईंच्या शीट्सचा ढीग पुढे ओढला आणि पहिल्या फोल्डरवरचा शब्द खोडायला घेतला. तिच्याकडे वर न बघता म्हणाला, "तुमच्या शीट्स मात्र आता सगळ्या बघाव्या लागतील." "हो," ती म्हणाली. "बघा."

तिने टेबलावरचा फोन ओढला आणि त्याच्यासमोरच बाईंना लावला. रबराचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. पलीकडून बाईंचा आवाज आला, सकाळचाच, दमलेला. "लावलीस का चिठ्ठी?"

"नाही लावली. बाई, तो डाग मी भिंगाखाली बघितला."

"बरं."

"त्याची कड बिस्किटाची आहे."

पलीकडून हळूच, शब्द तोंडात घोळवून बघावा तसं, "बिस्किटाची?"

"हो, बाई. चारी बाजूंनी. पाहुण्यांनीही बघितली."

तिने डोळे मिटले. आता येईल ते ऐकायची तिने तयारी केली होती. का केलंस, माझ्यावर का ढकललंस, मी तुझं काय वाकडं केलं होतं, सकाळपासून मी काय भोगलं ते कळतंय का तुला. प्रत्येकाचं उत्तर तिने रस्त्यात जुळवून ठेवलं होतं, आणि एकही पुरं पडणारं नव्हतं. पण फोनवर खडखड झाली, बाईंनी तो कुठेतरी ठेवल्यासारखी, आणि त्यांचा आवाज लांबून आला, खोलीच्या पलीकडे मारलेली हाक. "अगं ए, ऐकलंस का! मी नाही काढली! मी नव्हतीच काढली! बिस्किटाची कड आहे त्याला!" धाकटीचा आवाज आला, "कसलं बिस्कीट?" आणि बाई हसायला लागल्या. सहलीतलं ते खदखदून हसणं, कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं असं. "अगं बिस्कीट गं, बिस्कीट! म्हणजे मी नाही! आठवत नव्हतं ते केलंच नव्हतं म्हणून आठवत नव्हतं! आण, तो चहा गरम करून आण आधी!" खुर्ची सरकल्याचा आवाज, भांड्याचा आवाज, दोघी एकदम बोलत असल्याचा आवाज. तिची आठवण त्या घरात कुणालाच नव्हती. तिला द्यायला तिथे राग शिल्लक नव्हता, माफी शिल्लक नव्हती, इतक्या आनंदात होत्या त्या.

पाहुणा खोडत होता. पर्समध्ये बाईंची सही केलेली चिठ्ठी होती, ती त्यांची त्यांना परत करायला हवी होती. ती फाडायचा हक्क फक्त त्यांचा. त्याआधी एक बारीक पट्टी कापून, नाव, तारीख आणि 'आधीची चिठ्ठी माझी, मीच काढली' एवढं लिहून त्या फिकट जागेच्या शेजारी, ती जागा झाकली जाणार नाही अशी, लावायची होती. गोंद वाटीत होता. पण फोन बंद करायचं बाईंच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आपण तो आधी ठेवावा असं तिला वाटेना. ती कानाशी धरून उभी राहिली. लांबून धाकटी विचारत होती साखर किती घालू, आणि बाई सांगत होत्या, आज जास्त घाल.